कंपनीचा ड्रायव्हर

आमच्या घरी कॉम्प्युटर आला तो टेम्पोतून, खताच्या रिकाम्या गोण्यांवर आडवा पडून. माझा नवरा नगरजवळच्या नागापूरला एका कारखान्यात मशीन चालवतो. आठवडाभर तिथेच खोली करून राहतो आणि सुट्टीला श्रीगोंद्याकडे, आमच्या वस्तीवर येतो. त्याच्या ओळखीच्या एका वर्कशॉपमधल्या डिझायनरने नवीन मशीन घेतलं, तेव्हा जुनं कुणाच्या तरी कामाला यावं म्हणून त्याने ते माझ्यासाठी पाठवलं. "पंखा जरा ओरडतो," एवढंच सांगितलं होतं. आणि त्यात विंडोजच्या जागी लिनक्स होतं, फुकट मिळणारं.

मला त्याची भीती वाटली नाही. मी मूळची नगरची, तिथेच पॉलिटेक्निकला सिव्हिलचा डिप्लोमा केलेली. लग्न होऊन इकडे उसात आले तेव्हा हात सुटू नये म्हणून आसपासच्या लोकांना घरांचे प्लॅन काढून देऊ लागले. पुढे लोक थ्रीडी मागायला लागले. आमच्याकडे घर बांधणारा माणूस आता नुसत्या रेघांवर समाधान मानत नाही. त्याला घर उभं दिसावं लागतं, रंगासकट, दारातल्या गाडीसकट, आणि शक्य झालं तर गाडीच्या नंबरासकट.

मी काढलेलं प्रत्येक घर आधी सासूबाई बघतात. मी त्यांना आत्या म्हणते. आमच्यात तशीच पद्धत आहे. त्या प्लास्टिकची खुर्ची ओढून स्क्रीनसमोर बसतात, चष्मा कपाळावरून खाली घेतात आणि त्या घरात राहायलाच जातात. एका बंगल्याच्या स्वयंपाकघराला मी रस्त्याच्या बाजूने मोठी काच लावली होती. आत्या म्हणाल्या, "ह्यातनं रस्त्यानं जानारं माणूस भाकरी मोजंल की." मी ती खिडकी लहान केली. घरमालकिणीने नेमकं त्याच खिडकीचं कौतुक केलं.

त्या मशीनमधलं ग्राफिक्स कार्ड जुनं असलं तरी दणकट होतं. चित्रं छान यायची. पण घरात फिरून दाखवायची वेळ आली की सगळं बिघडायचं. बाणाचं बटण दाबून दारातून आत शिरावं, तर चित्र आधी उंबऱ्यावर अडायचं आणि मग एकदम स्वयंपाकघरात जाऊन पडायचं. सावल्या चालू केल्या तर ते तिथल्या तिथे गोठायचं, आणि पंखा असा सुटायचा की अंगणातल्या कोंबड्या मान वर करून बघायच्या.

नगरला माझी पॉलिटेक्निकची मैत्रीण आहे. ती एका ऑफिसातले कॉम्प्युटर सांभाळते. तिने फोनवर दुखणं ओळखलं. "तुझं कार्ड चांगलंय गं, ड्रायव्हर वेगळा हवाय. कंपनीचा टाक."

हे मी आत्यांना समजावून सांगायला गेले, कारण मशीनला काय झालंय हे त्या रोज विचारत होत्या. म्हटलं, कार्ड आणि कॉम्प्युटर यांच्यामध्ये एक प्रोग्रॅम असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. लिनक्सबरोबर जो येतो तो जगभरच्या लोकांनी मिळून बनवलाय, पण कार्ड बनवणाऱ्या कंपनीने त्यांना पुरती माहिती दिली नाही, म्हणून बरंचसं चाचपडत बनवलेलं आहे. कंपनीचा स्वतःचा ड्रायव्हर निराळा. तो जोरात चालतो, पण त्याच्या आत काय आहे ते कंपनी कुणाला बघू देत नाही.

आत्यांनी थोडा विचार केला. "म्हंजी ट्रॅक्टर कंपनीचा आन ड्रायव्हर गावातला. चालवतो बिचारा, पर कंचा गिअर कुठं हाय त्ये त्याला कुनी सांगितलंच न्हाई."

"अगदी तसंच."

"मग कंपनीचा आन की."

"तो बोनेट उघडू देत नाही ना, आत्या."

"आपल्याला बोनेट उघडून काय करायचंय? आपल्याला ऊस न्यायचाय."

तरीही मी ते काम लांबवत राहिले. हा ड्रायव्हर टाकताना स्क्रीन काळी होते, परत येत नाही, असं बरंच वाचलं होतं. हळू का होईना, चालतंय तर हात कशाला लावा, असं वाटायचं. मग दोघा भावांच्या घराचं काम आलं आणि तो विचार सोडावा लागला.

आमच्या वस्तीपासून दोन शेतं पलीकडे त्यांची वस्ती. जुनं घर पाडून त्याच जागी नवं बांधायचं होतं. इमारत एक, पण मधून सारखे दोन भाग, एक थोरल्याचा आणि एक धाकट्याचा. पुढे एकच मोठं अंगण, त्याच्याही मधोमध भिंत. आणि त्या दिवसांत दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. कारण विचारलं तर दोघे वेगवेगळं सांगत. थोरले म्हणत, पाण्याच्या पाळीवरून. धाकटे म्हणत, पाळीचं काही नाही, कुणाच्या तरी लग्नात मान दिला नाही त्यावरून. मला वाटतं, दोघांनाही आता नक्की आठवत नव्हतं, पण सुरू झालेलं थांबवायचं कसं हेही कळत नव्हतं.

प्लॅन बघायला थोरले सकाळी यायचे, धाकटे संध्याकाळी. "वहिनी, त्यांचा हॉल मोठा दिसतोय," हे वाक्य मी दोघांच्या तोंडून ऐकलं. दोन्ही हॉल सारखेच होते. मी मापं दाखवली, पट्टी लावून दाखवली. दोघेही मान हलवायचे आणि मनातून मानायचे नाहीत. एकाच गोष्टीवर त्यांचं एकमत होतं: अंगणातली भिंत डोक्याच्या वर गेली पाहिजे, पलीकडचं माणूस दिसता कामा नये.

शेवटी मी दोघांना वेगवेगळं सांगितलं की रविवारी दुपारी या, एकाच वेळी. दोन्ही भागांतून तुम्हाला चालवून आणते, मग डोळ्यांनीच बघा कुणाचं मोठं. थोरल्यांनी विचारलं, "तो येनार हाय का?" धाकट्यांनी विचारलं, "ते येनार हायेत का?" मी दोघांनाही हो म्हटलं.

नवऱ्याला त्या आठवड्यात सुट्टी नव्हती. शनिवारी स्क्रीनवर घर पूर्ण सजवलं. दोन स्वयंपाकघरं, दोन ओसऱ्या, अंगणातली भिंत, कुंपणाकडेची चिंच. फिरून बघायला गेले तर मशीनने चिंचेपाशीच हात टेकले. ती चिंच काढून टाकायचा विचार मनात आला, पण ती खरोखरच तिथे होती आणि दोघांच्या आजोबांनी लावलेली होती. तेव्हा रविवारी सकाळी, भाकरी झाल्याबरोबर, मी कंपनीचा ड्रायव्हर टाकायला बसले.

सुरुवात इतकी सोपी झाली की मीच मला हसले. घरात नेट फक्त माझ्या मोबाईलचं. मोबाईल खिडकीच्या गजाला बांधला आणि केबल कॉम्प्युटरला जोडली. ड्रायव्हरची खिडकी उघडली, त्यात कंपनीच्या ड्रायव्हरसमोर 'शिफारस केलेला' असं लिहिलेलं होतं, तो निवडला. डाउनलोड चालू झालं आणि त्या दिवसाचं माझं सगळं नेट त्यानेच पिऊन टाकलं, पण पुरलं. मध्येच एक पासवर्ड ठरवायला सांगितला, दोनदा लिहून घेतला. पुढच्या वेळी सुरू करताना लागेल अशा अर्थाचं काहीतरी इंग्रजीत होतं. मी पासवर्ड दिला आणि पुढे गेले. शेवटी स्क्रीनवर आलं, मशीन बंद करून चालू करा.

मी ते बटण दाबलं आणि नेमका त्याच वेळी कुत्रा भुंकला. दुपारी यायचे भाऊ सकाळीच आले होते. थोरले रस्त्याने मोटरसायकलवर, धाकटे बांधावरून चालत. बहुधा दोघांनाही आपण आधी पोचून घर बघावं असं वाटलं असणार, आणि दोघे एकदमच फाटकात उभे. मी पदर सावरत बाहेर गेले, ओसरीवर सतरंजी टाकली. एक जण या टोकाला बसला, एक त्या. मधे एक आख्खं माणूस झोपलं असतं एवढी जागा.

आत आले तर स्क्रीन काळी. कोपऱ्यात एक बारीक पांढरी रेघ लुकलुकत होती. बाकी काही नाही. आत्या खुर्चीवर हात बांधून बसल्या होत्या.

"काय झालं, आत्या?"

"ग्येलं," त्या म्हणाल्या.

मी बटणं दाबून पाहिली, पुन्हा बंद करून चालू केलं. पुन्हा तीच रेघ. बाहेर दोन माणसं घर बघायला बसलेली आणि माझ्याकडे दाखवायला अंधार. पण आत्या इतक्या शांत होत्या की मला घाबरायलाही जमेना. त्या म्हणाल्या, "नगरवालीला फोन लाव."

आता आमच्या घराचं असं आहे की आत फोन लागतो, पण बोलता येत नाही, आवाज तुटतो. नीट बोलायचं तर अंगणातल्या हौदापाशी उभं राहावं लागतं. नेट संपलेलं, त्यामुळे स्क्रीनचा फोटो काढून पाठवायचीही सोय नव्हती. मी कीबोर्डजवळ पाहिजे आणि फोन हौदाजवळ. तेव्हा असं ठरलं की आत्या हौदापाशी उभ्या राहून मैत्रिणीचं ऐकतील आणि खिडकीतून मला सांगतील.

मैत्रीण घरी मेथी निवडत बसली होती. तिने आधी एक बटणांची जोडी दाबायला सांगितली, आणि काळ्या स्क्रीनवर अक्षरं उमटली. नाव आणि पासवर्ड विचारला गेला, मी दिला. मशीन जिवंत होतं, फक्त चित्र दाखवत नव्हतं.

"आता काय म्हणते?" मी खिडकीतून विचारलं.

आत्या फोन कानाला घट्ट लावून उभ्या. "सुडो म्हनती."

मला ते माहीत होतं. लिनक्समध्ये मालक म्हणून हुकूम द्यायचा तर आधी तो शब्द लिहावा लागतो. मी लिहिला. "पुढं?"

"आपट."

"काय?"

"आपट म्हनती. सुडो आपट." मग फोनमध्ये, "अगं, कशाला आपटायचं? आदीच त्ये बंद पडलंय." आणि पुन्हा खिडकीकडे वळून, "सूड काय, आपट काय, चांगल्या घरची पोरगी हाय का कोन ही."

फोनमधून मैत्रिणीचं हसणं मला घरात ऐकू आलं. तिला म्हणायचं होतं 'एपीटी', लिनक्समध्ये प्रोग्रॅम बसवायची आज्ञा. सगळे त्या आज्ञेला आपट असंच म्हणतात. काही अर्धवट बसलंय का ते तिला बघायचं होतं. मी ती आज्ञा दिली. उत्तर आलं की सगळं नीट बसलेलं आहे, काही अपुरं नाही.

"सगळं ठीक आहे म्हणतोय," मी ओरडून सांगितलं.

"सगळं ठीक हाय म्हनतोय," आत्यांनी फोनमध्ये सांगितलं आणि स्वतःची भर घातली, "पर दिसत काईच न्हाई. मगाशी निळं तरी दिसलं हुतं."

पलीकडून तिने लगेच विचारलं असावं, कारण आत्या म्हणाल्या, "काय? निळं?" मग, "व्हय, निळं. पडदाच्या पडदा निळा. वर इंग्रजी अक्षरं. सुनबाई पाव्हन्यांकडं ग्येल्ती. मला वाटलं तिचंच काय तरी चाललंय, म्हनून म्या हात लावला न्हाई. जरा थांबलं आन आपलं आपन ग्येलं."

गोष्ट अशी होती. आमच्या मशीनमध्ये एक पहारेकरी असतो. अनोळखी प्रोग्रॅमला तो मालकाच्या संमतीशिवाय आत सोडत नाही. कंपनीचा ड्रायव्हर बाहेरचा, म्हणून मशीन सुरू होताना पहारेकरी निळा पडदा आणून विचारतो, ह्याला ओळखता का? ओळखत असाल तर मगाशी ठरवलेला पासवर्ड द्या. थोडा वेळ वाट बघतो, उत्तर आलं नाही तर पुढे जातो. मी ओसरीवर सतरंजी टाकत होते तेव्हा तो विचारून गेला होता. जुना ड्रायव्हर रजेवर पाठवलेला, नवा फाटकाबाहेर उभा, आणि गाडी चालवायला कुणीच नाही.

मैत्रीण म्हणाली, आता पहारेकऱ्याला पुन्हा विचारायला लावायचं. त्यासाठी एकच आज्ञा, पण लांबलचक, आणि एक अक्षर चुकलं तरी चालायचं नाही. आत्यांनी पहिल्या दोन शब्दांतच हात टेकले. "ही एबीशीडी माझ्याच्यानं व्हायची न्हाई. मी च्या ठेवते." आणि त्यांनी ओसरीकडे बघून, जणू रोजचंच काम सांगावं तसं, म्हटलं, "ए थोरल्या, हिकडं ये. फोन धर. आन तू रं, तू खिडकीपाशी हुबा ऱ्हा. ह्यो सांगंल ते तिला सांग."

दोघेही उठले. आत्या दोघांपेक्षा वयाने मोठ्या, शेजारच्या. त्यांना नाही म्हणायची सोय नव्हती. थोरले हौदापाशी गेले, धाकटे खिडकीच्या गजांना धरून उभे राहिले. हौद आणि खिडकी यांत अंगणाची रुंदी होती. मी कीबोर्डवर बोटं ठेवून बसले आणि खरं सांगायचं तर लक्ष सगळं खिडकीबाहेर होतं, कारण या दोघांनी गेले कित्येक महिने एकमेकांना वाट दे एवढंसुद्धा म्हटलेलं नव्हतं.

थोरले हौदाकडेच तोंड करून म्हणाले, "एम."

धाकटे माझ्याकडे तोंड करून म्हणाले, "एम."

"ओ."

"ओ."

"के."

असं पुष्कळ वेळ चाललं. कोण कुणाला सांगतंय ते हवेलाच माहीत. मग थोरल्यांना अडचण आली. ते फोनमध्ये दोनदा विचारून म्हणाले, "आडवी रेघ. दोन डाव."

"आडवी रेघ दोन डाव," धाकटे मला म्हणाले.

"जोडून की अंतर ठेवून?" मी विचारलं.

धाकट्यांना आता मागे वळावंच लागलं. "जोडून का सोडून?"

"जोडून." मग थोडं थांबून, "आता तिरपी काठी. आन वर."

"वर कुठं?"

"ती म्हनती वर."

"आरं पर वर म्हंजी कुठं वर? काठीच्या वर का स्क्रीनच्या वर?"

"मला काय ठावं? ती नुसती वर म्हनतीया."

मी आतून सांगितलं की तो शब्द असेल, अक्षरं विचारा. थोरल्यांनी विचारलं. "व्ही ए आर," ते म्हणाले, आणि हसू दाबायला त्यांनी हौदातल्या पाण्याकडे बघितलं. धाकट्यांनी दाबलं नाही. खिडकीचे गज धरून ते खांदे हलवत राहिले.

आज्ञा पूर्ण झाली, मी एंटर दाबलं. मशीन म्हणालं, अशी फाइलच नाही. मी तसं सांगितलं. धाकटे वळले आणि त्यांनी हाक मारली, "दादा, परत इचार. मोठं एम ओ के का बारकं?"

हाक मारून झाल्यावर त्यांना ती कळली असावी. ते एकदम गजाचा रंग खरवडायला लागले. थोरल्यांनी काही दाखवलं नाही. फोनमध्ये विचारून ते म्हणाले, "काठीम्होरं एमओके दोन डाव हाय, पह्यलं बारकं, दुसरं मोठं. शेवटची तीन अक्षरं परत बारकी. आन मधी ठिपका हाय, तो तू खाल्ला व्हता."

"तूच सांगितला न्हाई."

"मी सांगितला. तू ऐकला न्हाई."

हे भांडणच होतं, पण समोरासमोर. आत्या चहाचे कप घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे बघितलं, आणि त्यांनी कप हळूच बाजूला ठेवले.

दुसऱ्यांदा आज्ञा बरोबर लागली. नवा पासवर्ड विचारला, मी दिला. आता मशीन बंद करून चालू करायचं होतं. मैत्रिणीने बजावून सांगितलं की निळा पडदा आला की लगेच कुठलंही बटण दाब, मग ड्रायव्हरच्या ओळखीची किल्ली नोंदवायचा पर्याय निवड, हो म्हण, पासवर्ड दे. एवढं मला पाठ झालं. पण कुणाचा कुणावर भरवसा नव्हता. आत्या खुर्चीवर, धाकटे माझ्या मागे, आणि थोरलेही फोन हौदाच्या कठड्यावर ठेवून आत आले. मैत्रीण फोनवरच होती. नंतर ती म्हणाली की तिने तेवढा वेळ आमच्या कोंबड्यांचं ऐकलं.

स्क्रीन काळी झाली. मग निळी.

"आलं," आत्या म्हणाल्या. "ह्येच त्ये. दाब."

मी दाबलं. पर्याय आले. धाकट्यांनी वाकून मोठ्याने वाचले, बोट स्क्रीनला लावून. हो म्हटलं, पासवर्ड दिला. मशीन पुन्हा बंद होऊन सुरू झालं, आणि तेव्हा जे झालं ते आधी कानांना कळलं. पंखा गप्प बसला. इतके दिवस ज्याच्या वरताण आवाज काढून आम्ही घरात बोलायचो, तो एकदम मऊ झाला. मग चित्र आलं, कोरं करकरीत, अक्षरं धारदार. आत्या म्हणाल्या, "चष्मा पुसल्यागत झालं की."

थोरले धावत हौदापाशी गेले आणि फोनमध्ये म्हणाले, "ताई, आलं बरं का. लई उपकार झाले." मैत्रिणीने त्यांना विचारलं की तुम्ही कोण. ते म्हणाले, "आमी दोगं भाऊ. घर बघायला आल्तो."

मग मी घर उघडलं. आत्यांची खुर्ची मधे, दोन्ही बाजूंना भाऊ. बाणाचं बटण दाबलं आणि आम्ही फाटकातून आत गेलो, न अडखळता, माणूस चालतो तसे. चिंचेच्या पानांतून ऊन सांडत होतं. थोरल्यांच्या ओसरीवरून हॉलमध्ये, हॉलमधून स्वयंपाकघरात, जिन्याने वर, खाली येऊन धाकट्यांच्या ओसरीवर. धाकट्यांच्या हॉलमध्ये थोरल्यांनी मला थांबायला सांगितलं. चारी बाजूंना फिरवून बघितलं. "सारखाच हाय," ते म्हणाले. जरा निराश झाल्यासारखेच वाटले.

"मी कवा म्हनलं मोठा हाय म्हनून?" धाकटे म्हणाले.

"वहिनीला म्हनला व्हतास."

"ते तू पन म्हनला असशील."

दोघांनी माझ्याकडे बघितलं. मी सूर्य दाखवायला घेतला. त्या सॉफ्टवेअरमध्ये सूर्य पूर्वेपासून पश्चिमेपर्यंत सरकवता येतो, सावल्या त्याच्याबरोबर फिरतात. इतके दिवस त्याला हातही लावता येत नव्हता. मी सकाळ केली. अंगणातल्या त्या उंच भिंतीची सावली पश्चिमेकडे पडली आणि अंगणाकडच्या खिडकीतून सरळ थोरल्यांच्या स्वयंपाकघरात शिरली. आम्ही आत जाऊन पाहिलं. ओटा, भांडी, सगळं अंधारात. भर सकाळी दिवा लावावा लागेल असं.

मी संध्याकाळ केली. सावली उलटी फिरली आणि धाकट्यांची ओसरी झाकून टाकली.

"हितं बसायचं कसं?" आत्या म्हणाल्या. "कोठीगत झालंय."

धाकटे पुढे वाकले. "वहिनी, सकाळ करा परत." मी केली. त्यांनी तो अंधारा ओटा बराच वेळ बघितला. "वैनी पहाटंपासनं हितंच आसनार," ते म्हणाले. म्हणजे थोरल्यांची बायको, त्यांची भावजय. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "भिंत जरा कमी केली तर?"

मी भिंतीला माउसने धरून खाली ओढलं. छातीएवढी केली. सावली ओट्यापर्यंत पोचतच होती. थोरले म्हणाले, "आजून." कमरेएवढी केली, तेव्हा ऊन खिडकीतून आत आलं आणि ओट्यावर पसरलं.

"ऱ्हाऊ द्या आशी," थोरले म्हणाले. "तू काय म्हनतो?"

"ऱ्हाऊ दे," धाकटे म्हणाले.

चहा तोपर्यंत गार झाला होता. आत्यांनी तो पुन्हा गरम केला नाही, दुसरा टाकला. पाहुण्यांना पुन्हा उकळलेला चहा देणं त्यांना आवडत नाही. दोघे ओसरीवर बसून प्यायले. जाताना थोरल्यांनी मोटरसायकल चालू केली, थोडा वेळ गाडी तशीच उभी ठेवली, आणि धाकटे मागे बसले. फार गळ्यात गळे वगैरे काही नव्हतं. आठवड्याभरात पाण्याच्या पाळीवरून पुन्हा बोलाचाली झाल्याचं कानावर आलं. पण ती बोलाचाली ते दोघे समोरासमोर करत होते, मधे निरोप्या नव्हता.

घर उभं राहिलं. मी काढलं होतं तसं सगळंच नाही. रंग त्यांनी मला न विचारता असा काही निवडला की रात्रीसुद्धा दिसावा, आणि थोरल्यांनी गच्चीवर सिमेंटचा एक घोडा बसवला, ज्याबद्दल मला विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं. भिंत मात्र कमरेएवढीच झाली. दोन्ही घरच्या बायका तिच्यावर कोपर टेकून बोलतात, आणि उन्हाळ्यात कुरडया वाळवायला तिची अर्धी अर्धी जागा वाटून घेतात. त्या जागेवरून काय होतं ते मी विचारत नाही.

वास्तुशांतीला मी मैत्रिणीला नगरहून बोलावून घेतलं. ती सकाळच्या एसटीने आली. फाटकातून आत येता येता तिने कुणाला तरी विचारलं, चपला कुठे काढायच्या, आणि मांडवातून थोरले उठले. "आरं, ह्या त्याच हायेत," ते धाकट्यांना म्हणाले. "आवाज वळख की." धाकटे पाण्याचा तांब्या घेऊन आले आणि त्यांनी तिला पहिल्यांदा भेटणाऱ्या पाहुणीला विचारतात तशी ख्यालीखुशाली विचारली नाही. म्हणाले, "ताई, ते वर म्हंजी नक्की काय असतं?"

तिने ओसरीवर बसून नीट समजावून सांगितलं. तोवर तिच्याभोवती पाहुणेमंडळी जमली, कुणाच्या मोबाईलला आवाज येत नव्हता, कुणाचा टीव्ही इंग्रजीतच बोलत होता. जेवणाची पहिली पंगत बसली तरी तिची सुटका झाली नाही. शेवटी आत्यांनी तिला हाताला धरून उठवलं आणि आपल्या शेजारी पाटावर बसवलं. "आदी जेव," त्या म्हणाल्या, आणि वाढप्याला खुणेनेच सांगितलं की हिच्या पानात बुंदी जास्त वाढ.